सिगारेटच्या पाकिटातली बाग

१९६१ साली अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यात सिगारेटचं पाकीट एका सेंटाने महागलं. एका सेंटाने कुणाचं दिवाळं निघत नाही, त्यामुळे ओढणाऱ्यांनी फार तर थोडी कुरकुर केली असेल. पण हा सेंट इतर करांसारखा सरकारी तिजोरीच्या समुद्रात बुडणार नव्हता. त्याचं काय करायचं ते आधीच ठरलं होतं. दहा वर्षांत पाच कोटी डॉलर उभे करायचे आणि त्यातून जमीन घ्यायची. तळ्यांचे काठ, पाणथळ जागा, जंगलाचे तुकडे, लोकांना चार घटका बसता-फिरता येईल अशी ठिकाणं. धूर काढणाऱ्यांच्या खिशातून मोकळ्या हवेची सोय करण्याचा हा उद्योग होता.

कल्पना गव्हर्नर गेलॉर्ड नेल्सन यांची. क्लिअर लेक नावाच्या लहानशा गावात वाढलेले नेल्सन पुढे सिनेटर झाले आणि २२ एप्रिल १९७० च्या पहिल्या वसुंधरा दिनाचे जनक म्हणून जगाला ठाऊक झाले. वसुंधरा दिनाची भाषणं आज कुणाला आठवत नाहीत. सिगारेटच्या सेंटातून घेतलेली जमीन मात्र जागच्या जागी आहे. महायुद्धानंतर अमेरिकेत घरोघरी मोटारी आल्या होत्या, शनिवार-रविवार सुट्टी होती आणि तळ्याकाठचे भूखंड बंगल्यांसाठी झपाट्याने विकले जात होते. या वेगाने गेलं तर वीस वर्षांनी सामान्य माणसाला पाण्यात पाय बुडवायलाही कुणाच्या तरी फाटकाची परवानगी काढावी लागेल, हे दिसत होतं.

एखादा कर ठराविक कामालाच बांधून टाकण्याची ही युक्ती महाराष्ट्राला अनोळखी नाही. नोकरदाराच्या पगारपत्रकात दरमहा दोनशे आणि फेब्रुवारीत तीनशे रुपये व्यवसाय कर म्हणून कापले जातात. तो कर १९७५ च्या कायद्याने आला तो रोजगार हमी योजनेसाठी. मुंबईतल्या कारकुनाच्या पगारातून दुष्काळी तालुक्यातल्या मजुराची हजेरी निघायची. विस्कॉन्सिनमधला सेंट त्याच जातकुळीतला.

प्रश्न असा पडतो की गावातली बाग ही गावाची गोष्ट, तिच्यासाठी राज्याने पैसे का द्यावेत? उत्तर गावाच्या जमाखर्चात आहे. अमेरिकेतल्या गावाचं मुख्य उत्पन्न म्हणजे घरपट्टी. तिच्यातून आधी शाळा, मग रस्ते, बर्फ काढणारी गाडी, आगीचा बंब, गटारं. बागेचा नंबर येईपर्यंत वही संपलेली असते. त्यात बागेचं दुखणं असं की ती वर्षभर पुढे ढकलली तरी कुणी मोर्चा काढत नाही. नळाला पाणी आलं नाही तर लोक सरपंचाच्या दारात येतात. झाडाखाली बाक नाही म्हणून कुणी येत नाही. आणि नदीकाठची वाट तर एका गावाच्या हद्दीत सुरू होते, दुसऱ्याच्या हद्दीतून जाते आणि तिसऱ्यात संपते. मधल्या गावाने हात वर केले की दोन्हीकडचे तुकडे लटकतात. अशा कामाला वरचा हात लागतोच.

हा वरचा हात कसा चालतो ते पाहायचं तर त्याच विस्कॉन्सिनमधल्या एका बोगद्यात शिरावं.

शिकागो अँड नॉर्थ वेस्टर्न या कंपनीची एल्रॉय ते स्पार्टा ही रेल्वे १८७३ मध्ये सुरू झाली. डोंगराळ मुलूख असल्याने तीन बोगदे खणावे लागले. नॉर्वॉक आणि स्पार्टा या गावांमधला तिसरा बोगदा सर्वांत लांब, ३,८१० फूट. थंडीत आत झिरपणारं पाणी गोठून दगड फुटू नये म्हणून बोगद्यांच्या तोंडांना भलेमोठे लाकडी दरवाजे बसवलेले. गाडी यायची वेळ झाली की रखवालदाराने ते उघडायचे, गाडी गेली की पुन्हा लावायचे. मोटारींनी आणि ट्रकांनी या मार्गाचं उत्पन्न खाल्लं आणि १९६४ मध्ये कंपनीने तो सोडून दिला. पुढच्या वर्षी राज्याच्या निसर्ग खात्याने तो विकत घेतला, रूळ काढलेल्या जागी चुनखडीची बारीक खडी दाबून बसवली आणि १९६७ मध्ये बत्तीस मैलांची वाट चालणाऱ्यांना आणि सायकलवाल्यांना खुली झाली. मोडीत निघालेल्या रेल्वेची सायकलवाट करण्याचा जो प्रघात पुढे अमेरिकाभर पसरला, त्यातल्या अगदी पहिल्यांपैकी ही एक.

आजही तिसऱ्या बोगद्यात सायकलवरून उतरून चालत जावं लागतं. आत दिवा नाही. बाहेर जुलैचं ऊन असलं तरी दहा पावलांत अंगावर शिरशिरी येते, वरून पाण्याचे थेंब टपटपत असतात, आणि समोरचं टोक सुरुवातीला सुईच्या नेढ्याएवढं दिसतं. हातात विजेरी नसेल तर मागच्या माणसाच्या बोलण्याच्या आधाराने चालायचं. बाहेर पडल्यावर जाकीट काढावं लागतं. ते लाकडी दरवाजे अजून आहेत आणि हिवाळ्यात अजून लावले जातात. फरक इतकाच की आता गाडी येणार नसते. वाटेवरची केंडल, विल्टन, नॉर्वॉक ही चिमुकली गावं. केंडलच्या जुन्या रेल्वे स्थानकात वाटेचं कार्यालय आहे. टोकाला असलेलं स्पार्टा स्वतःला अमेरिकेची सायकल राजधानी म्हणवून घेतं, आणि तिथे एक मोठं चाक, एक छोटं चाक अशा जुन्या सायकलीवर बसलेल्या मिशाळ माणसाचा प्रचंड पुतळा आहे. आगगाडी गेल्यावर गावाचं नाव नकाशावर राहावं म्हणून एवढं केलं तर कुणी हसू नये.

हा मार्ग राज्याने स्वतःच घेतला. पण सगळीकडे राज्य पुढे येत नाही. बहुतेक ठिकाणी सुरुवात एखाद्या चिकट माणसापासून होते. शिकागोच्या पश्चिमेला धावणाऱ्या एका विद्युत रेल्वेने १९५७ च्या जुलैत भर दुपारी प्रवासी सेवा बंद केली. सकाळी शहरात कामाला गेलेल्यांना संध्याकाळी परतायला गाडीच नव्हती. मार्ग तसाच पडून राहिला. १९६३ मध्ये मे वॉट्स या निसर्गअभ्यासक बाईंनी ‘शिकागो ट्रिब्यून’ला पत्र लिहिलं की ही पट्टी बुलडोझर येण्याआधी पायवाट म्हणून राखून ठेवा. वर्तमानपत्राला रोज शेकडो पत्रं येतात. या पत्रातून मात्र इलिनॉय प्रेअरी पाथ उभा राहिला. स्वयंसेवक होते, उत्साह होता. तरी जमिनीचा हक्क, पूल, खडी, कुंपण हे उत्साहावर होत नाही. त्यासाठी काउंटी, राज्य आणि पुढे केंद्र यांच्याकडे झोळी घेऊन जावं लागलं.

रेल्वेची जमीन मिळवण्यात एक कायदेशीर गाठही होती. पुष्कळ ठिकाणी कंपनीकडे जमिनीची मालकी नव्हतीच, नुसता वहिवाटीचा हक्क होता. गाड्या थांबल्या की जमीन शेजारच्या शेतकऱ्याकडे परत जायची, आणि एकदा तुकडे पडले की वाट संपली. म्हणून १९८३ मध्ये अमेरिकी काँग्रेसने तोडगा काढला. मार्ग कायमचा सोडला असं मानायचंच नाही, पुढेमागे लागेल तेव्हा रेल्वेसाठी राखून ठेवला असं मानायचं आणि तोवर त्यावर लोकांना चालू द्यायचं. व्हरमाँटमधल्या एका कुटुंबाने याला आव्हान दिलं. १९९० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायदा वैध ठरवला, पण जमीनमालकाला भरपाई मागण्याचं दार उघडं ठेवलं. वाटा टिकल्या, दावेही चालू राहिले. ‘राखून ठेवलेली रेल्वे’ ही वकिली डोक्याची करामत आहे हे खरं. पण आज देशात अशा वाटांची लांबी पंचवीस हजार मैलांच्या पुढे गेली आहे, त्यामागे तिचा मोठा हात आहे.

आता मुळात पैसा येतो कुठून, ते पाहू. इथे प्रत्येक राज्याची तऱ्हा वेगळी आणि मजेशीर.

मिशिगनमध्ये पिजन रिव्हर नावाचं सरकारी जंगल आहे. एल्क जातीच्या हरणांचे मोठे कळप तिथे असतात. १९७० मध्ये त्या जंगलाखाली तेल सापडलं. तेल कंपन्या आणि जंगलवाले यांच्यात अनेक वर्षं जुंपली, कोर्टकचेऱ्या झाल्या. त्यातून १९७६ मध्ये एक तडजोड कायद्यात उतरली. सरकारी जमिनीतल्या तेल आणि वायूची रॉयल्टी एका वेगळ्या निधीत टाकायची आणि त्यातून लोकांसाठी जमिनी घ्यायच्या. तर्क सरळ होता. तेल एकदाच निघतं, तेव्हा त्याचा पैसा कायम राहणाऱ्या गोष्टीत घाला. १९८४ मध्ये मतदारांनी हा निधी राज्यघटनेतच बसवला, म्हणजे आमदारांना हात घालता येऊ नये. २०११ मध्ये तो पन्नास कोटी डॉलरच्या ठरवलेल्या मर्यादेला पोचला. मुद्दलाला हात न लावता व्याजातून गावांना अनुदान देण्याची ही रीत एखाद्या जुन्या वळणाच्या सासऱ्याला शोभेल अशी आहे.

कोलोरॅडोने लॉटरी निवडली. १९८० मध्ये मतदारांनी लॉटरीला परवानगी दिली, १९८३ मध्ये तिकिटं विकायला आली. लोकांच्या डोक्यात होतं की पैसा बागांना जाईल. प्रत्यक्षात जवळजवळ निम्मा पैसा सरकारी बांधकामांकडे वळला आणि त्यात तुरुंगही होते. बाग म्हणून तिकीट घ्यावं आणि कोठडी बांधून मिळावी, ही गोष्ट लोकांना झोंबली. १९९२ मध्ये त्यांनी घटनादुरुस्तीच करून टाकली. त्यातून ‘ग्रेट आउटडोअर्स कोलोरॅडो’ ही संस्था जन्माला आली. लॉटरीच्या नफ्यातला चाळीस टक्के वाटा लोकसंख्येच्या प्रमाणात थेट गावांना आणि काउंट्यांना, दहा टक्के राज्याच्या उद्यानांना, आणि उरलेला निम्मा वाटा ठराविक मर्यादेपर्यंत या संस्थेकडे, जी अर्ज मागवून अनुदान देते. मर्यादेवरची रक्कम शाळांच्या इमारतींना. महाराष्ट्र सरकारचीही १९६९ पासून लॉटरी आहे, पण एखाद्या गावाच्या बागेत ‘हे झाड लॉटरीतून’ अशी पाटी दिसल्याचं कुणाच्या ऐकिवात नाही.

मिनेसोटाने २००८ मध्ये विक्रीकरच तीन अष्टमांश टक्क्याने वाढवला, म्हणजे शंभर डॉलरच्या खरेदीवर साडेसदतीस सेंट. पाणी, जंगल, कला यांच्याबरोबर बागा आणि वाटांना त्यातला सव्वाचौदा टक्के हिस्सा मिळतो. न्यू जर्सीने १९६१ मध्येच ‘ग्रीन एकर्स’ नावाने सहा कोटी डॉलरचे रोखे काढले होते. तिथे राहणाऱ्या मराठी माणसांच्या मुलांनी ज्या मैदानांवर चेंडू मारला, त्यातली किती या रोख्यांतून आली हे त्यांना क्वचितच ठाऊक असेल. केंद्राचीही एक गमतीदार योजना आहे. बर्फावर पळणाऱ्या स्नोमोबाइल आणि रानातून उडणाऱ्या मोटारसायकली पेट्रोल जाळतात. त्या पेट्रोलवर महामार्गासाठी कर घेतला जातो, पण या गाड्या महामार्गावर येतच नाहीत. मग तो पैसा त्यांना परत द्या, या युक्तिवादातून १९९१ मध्ये वाटांसाठीचं अनुदान सुरू झालं. त्यात तीस टक्के मोटारवाल्या वाटांना, तीस टक्के पायी-सायकलच्या वाटांना आणि चाळीस टक्के दोघांना चालतील अशा वाटांना. भाऊबंदकीतली वाटणी याहून काटेकोर नसते.

पैसा आहे म्हणजे मिळाला असं नव्हे. गावाच्या कारकुनाच्या बाजूने पाहिलं तर खरी कथा इथे सुरू होते.

विस्कॉन्सिनमध्ये अर्जाची शेवटची तारीख १ मे. आपल्याकडे महाराष्ट्र दिनाचं झेंडावंदन चाललेलं असतं तेव्हा तिथे नकाशे, जमिनीचं मूल्यांकन, ग्रामसभेचा ठराव, अंदाजपत्रक असा गठ्ठा खात्याकडे पोचलेला असावा लागतो. मग गुणांकन. राज्य दर पाच वर्षांनी मैदानी करमणुकीचा आराखडा करतं, त्यात बसणाऱ्या कामाला जास्त गुण. कुठल्या निधीतून काय चालतं याचेही कंगोरे. विस्कॉन्सिनच्या राज्य निधीला निसर्गाशी जोडलेली करमणूक लागते, म्हणजे चालणं, मासेमारी, होडी, पक्षी पाहणं. बेसबॉलचं मैदान किंवा पोहण्याचा तलाव हवा असेल तर केंद्राच्या जमीन आणि जल संधारण निधीकडे जा. त्याची गोष्ट पुढे येते.

यानंतर येतो तो लोकवाटा. पाणीपुरवठ्याच्या जलस्वराज्य योजनेच्या काळात महाराष्ट्रातल्या गावांनी दहा टक्के लोकवर्गणी गोळा करताना जी दमछाक अनुभवली, तिची ही थोरली बहीण. विस्कॉन्सिनच्या निधीला आणि केंद्राच्या या निधीला निम्मा खर्च गावाने उचलायचा असतो. मिशिगनमध्ये किमान पंचवीस टक्के. शिवाय केंद्राच्या निधीत पैसे आधी मिळत नाहीत. काम आधी करा, ठेकेदाराची बिलं आधी भागवा, मग पावत्या जोडून परतावा मागा. म्हणजे अर्ध्याच्या अनुदानासाठी पूर्ण रक्कम काही महिने गावाच्या गल्ल्यात असायला हवी. ज्याच्याकडे ती असते त्याला अनुदानाची निकड कमी असते, आणि ज्याला निकड असते त्याच्याकडे ती नसते. खुल्या बागा कुणाला मिळाव्यात यावर परिसंवाद खूप होतात. त्यांचा निकाल मात्र परताव्याच्या या एका नियमाने आधीच लागलेला असतो.

कल्पक गावं यातूनही वाट काढतात. अनेक योजनांत दान मिळालेल्या जमिनीची किंमत लोकवाट्यात धरता येते, स्वयंसेवकांच्या श्रमाचे तास धरता येतात. मग शनिवारी सकाळी निवृत्त शिक्षक, शेतकरी, शाळकरी मुलं फावडी घेऊन जमतात आणि एक बाई वहीत प्रत्येकाचे तास टिपत असते, कारण ते तास म्हणजे डॉलर. श्रमदान आहे, पण हजेरीपत्रकासकट.

एवढं सगळं होऊन बाग झाली की एक वेगळंच दुखणं सुरू होतं. ही अनुदानं साधारणपणे जमीन घ्यायला आणि बांधकामाला असतात, गवत कापायला नसतात. फीत कापायला आमदार येतो, गवत दर आठवड्याला कापायला कुणीतरी पगारी माणूस लागतो. झोपाळ्याची साखळी गंजते, लाकडी पुलाची फळी कुजते, पुरात खडी वाहून जाते. हे सगळं पुन्हा त्याच घरपट्टीतून. म्हणून काही जाणती गावं देऊ केलेली जमीनही नाकारतात, आणि त्यांना करंटी म्हणण्यात अर्थ नाही.

कॅलिफोर्नियाने लोकवाट्याचा मघाचा पेच ओळखला. तिथल्या एका योजनेत घरापासून अर्ध्या मैलात दर हजार माणसांमागे तीन एकरांहून कमी बाग असलेल्या वस्त्यांना प्राधान्य मिळतं आणि लोकवाटा मागितला जात नाही. त्याऐवजी मागितला जातो वेळ. आराखडा रहिवाशांनी बैठकांत बसून ठरवलेला हवा, झोपाळा कुठे आणि दिवा कुठे हे त्यांनी सांगितलेलं हवं. २०१८ च्या जूनमध्ये मतदारांनी मंजूर केलेल्या चारशे दहा कोटी डॉलरच्या रोख्यांतून या योजनेला मोठं बळ मिळालं. अशा योजनेत बैठकीचं इतिवृत्त हाच गावाचा हिस्सा.

केंद्राच्या निधीच्या मुळाशी एक कायदा आहे आणि त्यातलं एक कलम असं आहे की त्याच्यावर वेगळं पुस्तक व्हावं. ३ सप्टेंबर १९६४ रोजी राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी जमीन आणि जल संधारण निधीच्या कायद्यावर सही केली. चार वर्षांनी या निधीला समुद्रातल्या तेलविहिरींची रॉयल्टी जोडली गेली. पुढे वर्षाला नव्वद कोटी डॉलरची मर्यादा ठरली. पण ठरली म्हणजे मिळाली नाही. रक्कम कागदावर जमा व्हायची आणि काँग्रेस तिच्यातला मोठा भाग दुसरीकडे वापरायची. पूर्ण रक्कम मिळाल्याची वर्षं बोटावर मोजण्याइतकीच. २०१८ मध्ये तर कायद्याची मुदतच संपली. २०१९ मध्ये तो कायमचा झाला आणि ऑगस्ट २०२० मध्ये नव्वद कोटी दरवर्षी द्यायचेच असं बंधन आलं.

कलम आहे सहा-फ. या निधीचा एक डॉलर जरी एखाद्या बागेत लागला तरी ती बाग कायम लोकांच्या मैदानी करमणुकीसाठीच राहिली पाहिजे. पाच वर्षं नाही, तीस वर्षं नाही, कायम. तिच्यावर दुसरं काही उभारायचं असेल तर तेवढ्याच बाजारभावाची आणि तितक्याच उपयोगाची दुसरी जमीन बागेला द्यावी लागते, आणि तीही राष्ट्रीय उद्यान सेवेच्या संमतीने. दुकानाच्या बिलावर छापलेल्या बारीक अटींसारखं हे कलम गावं वर्षानुवर्षं वाचतच नाहीत. मग एक दिवस कुणीतरी मोठा प्रकल्प घेऊन येतो.

न्यूयॉर्कच्या ब्रॉंक्समध्ये तसंच झालं. तिथला यांकीज हा बेसबॉल संघ १९२३ पासून ज्या स्टेडियममध्ये खेळत आला, त्याच्या जागी नवं स्टेडियम हवं होतं, आणि सोयीची जागा होती रस्त्यापलीकडची मॅकॉम्ब्स डॅम पार्क. या बागेला केंद्राच्या निधीचा हात लागलेला होता. २००६ मध्ये बाग बंद झाली, शेकडो झाडं पडली, धावपट्टी गेली. नवं स्टेडियम २००९ मध्ये सुरू झालं. बदल्यातल्या जागा मात्र टप्प्याटप्प्याने आल्या. त्यातली एक, धावपट्टी आणि मैदान, २०१० मध्ये चक्क वाहनतळाच्या छपरावर उघडली. जुनं स्टेडियम पाडून त्याच्या जागी केलेली तीन मैदानं २०१२ मध्ये खुली झाली. कायद्याच्या दृष्टीने हिशेब चुकता झाला. पण २००६ मध्ये दहा वर्षांचा असलेला मुलगा तोवर सोळाचा झाला होता, आणि बाजारभाव काढणाऱ्याच्या तक्त्यात त्या सहा वर्षांसाठी रकाना नसतो.

मिशिगनच्या बेंटन हार्बरची गोष्ट आणखी हळवी आहे. १९१७ मध्ये क्लॉक दांपत्याने बाळपणीच दगावलेल्या आपल्या मुलीच्या, जीनच्या, स्मरणार्थ मिशिगन सरोवराकाठची वाळूची पट्टी आणि टेकड्या शहराला दिल्या. पुढे शहर गरीब झालं, कारखाने बंद पडले. सरोवराकाठी जीन क्लॉक पार्क तेवढी उरली. तिलाही केंद्राच्या निधीचं अनुदान मिळालेलं होतं. मग शहराला उभारी देण्यासाठी मोठा प्रकल्प आला आणि जॅक निकलॉस यांनी आखलेल्या गोल्फ मैदानाचे काही टप्पे या बागेतल्या टेकड्यांवर आले. मैदान २०१० मध्ये सुरू झालं. बदल्यात शहराला नदीकाठचे विखुरलेले तुकडे मिळाले. रोजगार येईल म्हणणारेही गावातलेच होते आणि सरोवर दिसणारी टेकडी आणि नदीकाठचा चिखल ‘तितक्याच उपयोगाचे’ कसे, असं विचारणारेही गावातलेच. प्रकरण कोर्टात गेलं. गोल्फ राहिला.

ही दोन उदाहरणं पाहून कलम निकामी आहे असं म्हणावंसं वाटेल. पण ते बरोबर नाही. या निधीतून राज्यं आणि गावांना मिळालेल्या कामांची संख्या चाळीस हजारांच्या वर आहे. त्यातल्या फार थोड्यांवर गदा आली. बाकीच्या बागा कुणाच्या बातमीचा विषय नाहीत, याचं कारण एखाद्या महापौराने वाहनतळाचा नकाशा काढला तेव्हा वकिलाने कानात सहा-फ सांगितलं आणि नकाशा गुंडाळून ठेवला गेला.

विस्कॉन्सिनच्या सेंटाचं पुढे काय झालं ते राहिलंच. सिगारेटच्या कराची जागा नंतर कर्जरोख्यांनी घेतली. १९८९ मध्ये नवा निधी उभा राहिला आणि त्याला डेमोक्रॅट नेल्सन आणि रिपब्लिकन वॉरन नोल्स अशा दोन माजी गव्हर्नरांची नावं मिळाली. जमीन घेण्यावर दोन्ही पक्षांचं एकमत होतं असा तो काळ. पुढे विधिमंडळाच्या अर्थ समितीला मोठ्या प्रस्तावांवर आक्षेप घेण्याचा अधिकार मिळाला. एखाद्या सदस्याने नाव गुप्त ठेवून आक्षेप घेतला तरी प्रस्ताव अडकायचा, आणि किती दिवस अडकायचा याला मर्यादा नव्हती. कुणी अडवलं हे अर्जदाराला कळत नसे. जुलै २०२४ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध एक मताने हा अधिकार घटनाबाह्य ठरवला. योजनेच्या चाहत्यांनी आनंद केला, तो लवकर ओसरला. २०२१ मध्ये योजनेला वर्षाला तीन कोटी साडेबत्तीस लाख डॉलर आणि २०२६ च्या जूनपर्यंतची मुदत मिळाली होती. देखरेखीचा अधिकार गेल्यावर ती वाढवायला बहुमतातल्या आमदारांची तयारी दिसेना, आणि जुलै २०२५ मध्ये मंजूर झालेल्या अर्थसंकल्पात मुदतवाढ नव्हती.

निधीला मुदत असते, सहा-फ कलमाला नाही. केंद्राच्या अनुदानातून झालेल्या प्रत्येक बागेचा सही-तारखेचा एक नकाशा फाइलला असतो आणि त्यावर बागेची हद्द आखलेली असते. दर पाच वर्षांनी राज्याचा एक तपासनीस हा नकाशा घेऊन येतो. बहुधा कुणी त्याला चहा विचारत नाही. तो कुंपणाच्या कडेने चालतो, कोपऱ्यात कुणी मोबाइलचा मनोरा उभारला आहे का, नगरपालिकेने बर्फ काढायच्या गाड्यांसाठी शेड टाकली आहे का, शेजाऱ्याने आपला भाज्यांचा वाफा दोन फूट आत सरकवला आहे का ते पाहतो, झोपाळ्याजवळची अनुदानाची पाटी वाचता येते ना याची खात्री करतो, दोन-चार फोटो काढतो, फॉर्मवर सही करतो आणि पुढच्या गावाला निघतो.